फ्लास्कमध्ये ५ तास, रिॲक्टरमध्ये १४ तास : तापमान वाढवण्याआधी काय तपासावे

एम.एस्सी. होऊन २ वर्षे झालेल्या आणि इंटरमीजिएट (अंतिम उत्पादनाच्या आधीच्या टप्प्यातील रसायने) बनवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या एका रसायनतज्ज्ञाचा प्रश्न असा आहे. एका फिनॉलचे अल्किल ब्रोमाइडने ॲसिटोनमध्ये, घन पोटॅशियम कार्बोनेट घालून अल्किलेशन केले जाते, म्हणजे फिनॉलला अल्किल गट जोडला जातो. प्रयोगशाळेत २ लिटरच्या फ्लास्कमध्ये रिफ्लक्सवर (द्रावक उकळत ठेवून, त्याची वाफ थंड करून परत भांड्यात सोडत) ५ तासांत फिनॉल संपते. तीच अभिक्रिया ३,००० लिटरच्या ग्लास लाइन्ड रिॲक्टरमध्ये १४ तासांनंतरही ६ टक्के फिनॉल शिल्लक ठेवते. वरिष्ठांचे म्हणणे असे की ॲसिटोनऐवजी डीएमएफ (डायमिथिलफॉर्मामाइड) हे द्रावक घ्यावे, ९० अंशांवर जावे आणि प्रश्न मिटवावा, कारण १० अंश वाढले की वेग दुप्पट होतो हे सर्वांना ठाऊक आहे. प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे : हे बरोबर आहे का?

मी गेली २४ वर्षे प्रोसेस डेव्हलपमेंट आणि स्केल-अपचे, म्हणजे प्रयोगशाळेतील प्रक्रिया कारखान्यात नेण्याचे, काम करते आहे. माझे उत्तर असे की तापमान वाढवून कदाचित वेळ कमी होईल, परंतु तुमची अभिक्रिया मंद नाहीच, अशी मला दाट शंका आहे. फ्लास्कमध्ये तिने ५ तासांत काम केले, त्या वेळी तापमान तेच होते, द्रावक तोच होता आणि प्रमाणही तेच होते. रेणूंना आपण कोणत्या भांड्यात आहोत हे कळत नाही. भांडे बदलल्यावर वेळ तिप्पट होत असेल तर मंदावले आहे ते दुसरेच काहीतरी, आणि ते शोधण्याआधी तापमान वाढवणे मला धोक्याचे वाटते. तुमचे अजिटेटर (ढवळणारे यंत्र) कसे आहे, कार्बोनेट कोणत्या जाळीचे, म्हणजे किती बारीक, आहे आणि ब्रोमाइड किती उडणारे आहे हे मला माहीत नसल्यामुळे पुढील काही गोष्टी तुमच्या बाबतीत कमी-अधिक लागू पडतील.

आधी त्या दुपटीच्या नियमाविषयी लिहिते. अभिक्रियेचा वेग पद्धतशीर मोजण्याचे पहिले मोठे काम विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये केले, ते आम्लयुक्त पाण्यातील साखरेच्या विघटनावर. अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमान आणि वेग यांचा संबंध मांडला, तोही ऊसाच्या साखरेच्या त्याच अभिक्रियेचा विचार करताना. साखर, आम्ल आणि पाणी हे सारे एकजीव द्रावण असते. प्रत्येक रेणूला त्याचा जोडीदार शेजारीच मिळतो. आपण पुस्तकांत शिकतो ते नियम मुळात अशा द्रावणांचे आहेत, आणि तेथे ते उत्तम चालतात. त्यातही दुप्पट हा आकडा काही निसर्गाने ठरवून दिलेला नाही. सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया होण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, मोलला सुमारे ५३ किलोज्यूल असेल आणि तापमान २७ वरून ३७ अंशांवर नेले, तर वेग दुप्पट होतो. ती १०० किलोज्यूल असेल तर त्याच १० अंशांत तो साडेतीन पटींहून अधिक वाढतो. शिवाय तापमान वाढल्यामुळे रेणूंच्या टकरी वाढतात, एवढेच कारण अनेक जण सांगतात, ते अपुरे आहे. या १० अंशांत रेणूंची सरासरी गती जेमतेम २ टक्क्यांनी वाढते. दुप्पट होते ती, टकरीत उंबरठा ओलांडण्याइतकी ऊर्जा असणाऱ्या रेणूंची संख्या.

तुमचे मिश्रण मात्र एकजीव नाही. पोटॅशियम कार्बोनेट ॲसिटोनमध्ये जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे फिनॉलला घन कणाच्या पृष्ठभागापर्यंत जावे लागते, तेथे त्याचा प्रोटॉन काढून घेतला जातो, तयार झालेले फिनॉक्साइड पृष्ठभागापासून सुटते आणि मग ब्रोमाइडशी त्याची गाठ पडते. या साऱ्या पायऱ्या एकामागोमाग आहेत, आणि एकूण वेग सर्वांत मंद पायरी ठरवते. साखर कारखान्यात काट्यावरच उसाच्या गाड्या अडल्या असतील तर गाळपाची क्षमता वाढवून उपयोग होत नाही, कारण गव्हाणीत ऊसच पोहोचत नाही. तापमान हे मुख्यतः गाळपाचा वेग वाढवते. कणापर्यंत रेणू वाहून नेण्याचा वेग तापमानाने फारसा वाढत नाही. त्या पायरीची परिणामी सक्रियण ऊर्जा १०-२० किलोज्यूलच्या घरात असते, आणि १५ किलोज्यूल धरले तर १० अंशांत वेग केवळ २० टक्के वाढतो. मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, प्रा. एम. एम. शर्मा यांनी वस्तुमानाचे वहन आणि अभिक्रिया एकत्र चालू असताना काय घडते यावर मूलभूत काम केले. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक केमिकल इंजिनिअरांना ‘वेग कोणत्या पायरीचा मोजतो आहोत’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारण्याची सवय लागली. आपण रसायनशास्त्राच्या बाजूने आलेली माणसे ही सवय उशिरा लावून घेतो. मीही उशिराच लावून घेतली.

ती कशी लागली ते सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचताना मला तोच दिवस आठवला. कोकणातील एका कारखान्यात जुलै महिन्यात माझी अशीच एक बॅच अडकली होती. दर तासाला नमुना येत होता, टीएलसीवर (मिश्रणातील घटक ठिपक्यांच्या रूपात वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) फिनॉलचा ठिपका तसाच दिसत होता, आणि मी पुढच्या शिफ्टसाठी रिफ्लक्स चालू ठेवण्याची सूचना लिहीत होते. रात्रपाळीचे एक जुने ऑपरेटर नमुन्याची बाटली ट्यूबलाइटसमोर धरून म्हणाले, “मॅडम, हे पाण्यासारखं नितळ आहे. फ्लास्कमध्ये असं असायचं का?” फ्लास्कमध्ये तसे कधीच नसायचे. तेथे मिश्रण ताकासारखे पांढरे, ढवळते असायचे. रिॲक्टरमधून नितळ द्रव येत होता याचा अर्थ कार्बोनेट द्रवात नव्हतेच, ते तळाशी बसले होते. साइट ग्लासमधून टॉर्च मारून पाहिले तेव्हा वरचा द्रव संथपणे गोल फिरताना दिसला. बॅच संपल्यावर भांडे रिकामे करून ॲसिटोनची वाफ काढून टाकली आणि मॅनहोलमधून पाहिले, तेव्हा तळाच्या व्हॉल्व्हभोवती विटेसारखा घट्ट थर आढळला. आर्द्र हवेत उघडी राहिलेली पोती, त्यात गुळाच्या ढेपेसारखे झालेले खडे, आणि मिनिटाला ४८ फेरे घेणारे अँकर, म्हणजे नांगराच्या आकाराचे ढवळणारे पाते. त्या थराच्या आतला कार्बोनेट अभिक्रियेत आलाच नव्हता. आम्ही वजनाप्रमाणे फिनॉलच्या दीड पट मोल घातला होता. फिनॉलला प्रत्यक्षात किती दिसला असेल, देव जाणे.

म्हणून तुमच्या बाबतीत मी पहिली चौकशी कणांच्या आकाराची करीन. शाळेत आपण शहाबादी फरशीचा तुकडा आणि तिचाच चुरा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून पाहिलेला असतो. चुऱ्याला लगेच फेस येतो. हिशेब साधा आहे. वजन तेच ठेवून कणाचा व्यास १ मिलिमीटरवरून ०.१ मिलिमीटर केला तर एकूण पृष्ठफळ १० पट होते. ३२५ जाळीची पूड म्हणजे सुमारे ४५ मायक्रॉनचे कण. १ मिलिमीटरच्या दाण्यांच्या तुलनेत तिचे पृष्ठफळ २० पटींहून अधिक असते. तुमच्या प्रयोगशाळेतील बाटलीवर काय लिहिले आहे आणि स्टोअरमधील पोत्यावर काय लिहिले आहे, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा. अनेकदा ही दोन्ही द्रव्ये शुद्धतेच्या दाखल्यात तंतोतंत सारखी असतात आणि जाळीत मात्र खडीसाखर आणि पिठीसाखर यांच्याइतका फरक असतो. बहुतेक खरेदी-विनिर्देशांत कणाच्या आकाराची ओळच नसते.

याच्याच जोडीला एक गोष्ट आहे, जिच्याकडे प्रयोगशाळेत कोणाचेच लक्ष जात नाही. फ्लास्कमधील चुंबकीय कांडी केवळ ढवळत नाही, ती काचेच्या तळावर घन पदार्थ दळत असते. या अभिक्रियेत पोटॅशियम ब्रोमाइड तयार होते, तेही ॲसिटोनमध्ये विरघळत नाही आणि कार्बोनेटच्या कणांवरच त्याचे कवच साचत जाते. कांडी ते कवच सतत फोडते आणि ताजा पृष्ठभाग उघडा करते. मोठ्या रिॲक्टरमधील पाते तळाला टेकत नाही, त्यामुळे तेथे कवच टिकते आणि अभिक्रिया पहिल्या काही तासांत बरी चालून नंतर मंदावत जाते. तुमची अभिक्रिया सुरुवातीपासूनच रेंगाळते की ८०-९० टक्क्यांपर्यंत नीट जाऊन तेथे अडते, हे तुम्ही लिहिलेले नाही. दर तासाचे आकडे असतील तर त्यांचा आलेख काढा. त्यातून बरेच समजेल.

दुसरी चौकशी ढवळण्याची. घन कण तळावरून उचलले जाण्यासाठी किमान किती फेरे लागतात यावर झ्विटेरिंग यांनी १९५८ मध्ये काम केले. कोणताही कण तळावर १-२ सेकंदांहून अधिक काळ स्थिर राहू नये, ही त्यांची कसोटी आजही वापरली जाते. अँकर प्रकारचे पाते घट्ट, चिकट द्रव भिंतीपासून सोडवण्यासाठी चांगले असते. ॲसिटोनसारख्या पातळ द्रवातून जड पूड वर उचलणे हे त्याचे काम नाही. बॅफल (द्रवाचे गोल फिरणे मोडणारी, भांड्यातील उभी पट्टी) नसेल तर सगळा द्रव एकसंध गोल फिरतो आणि वरून पाहणाऱ्याला छान ढवळले जात आहे असा भास होतो. शक्य असेल तर हीच बॅच मागे वळलेल्या पात्यांचा इम्पेलर (ढवळणारा पंखा) आणि बॅफल असलेल्या रिॲक्टरमध्ये घ्या. कारखान्यात तसा रिॲक्टर मोकळा नसेल तर कार्बोनेट एकदम न ओतता अजिटेटर चालू असताना थोडे-थोडे घाला, आणि चार्जिंगच्या (माल भांड्यात घालण्याच्या) वेळी मोटारीचे अँपिअर लिहून ठेवा.

संहतीविषयी थोडे आकडे देते, कारण शेवटचे ५-६ टक्के का संपत नाहीत याचे उत्तर काही वेळा येथेच असते. दोन अभिक्रियाकारक समसमान मोल घेतले आणि अभिक्रिया द्वितीय कोटीची (वेग दोघांच्या संहतींच्या गुणाकारावर ठरणारी) असली, तर पहिला अर्धा माल संपायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या ९ पट वेळ ९० टक्क्यांपर्यंत जाण्यास लागतो आणि ९९ पट वेळ ९९ टक्क्यांपर्यंत जाण्यास. एक अभिक्रियाकारक १० टक्के जास्त घेतला तर हा ९९ पटींचा आकडा सुमारे २३ वर येतो, आणि गंमत म्हणजे पहिल्या अर्ध्या टप्प्याच्या वेळेत जेमतेम १३ टक्के फरक पडतो. म्हणजे जास्तीचा ब्रोमाइड सुरुवातीला जवळजवळ दिसत नाही, त्याचे सगळे महत्त्व शेवटी कळते. आता विचार करा : तुमचे ब्रोमाइड हलके असेल आणि कंडेन्सरमधील चिल्ड वॉटर उन्हाळ्यात पुरेसे थंड नसेल, तर तो १० टक्के जास्तीचा भाग व्हेंटमधून निघून गेलेला असू शकतो. फिनॉल ६ टक्के उरले आहे, तसे ब्रोमाइडही उरले आहे का, हे एचपीएलसी किंवा जीसी या विश्लेषण-यंत्रांवर तपासा. ते संपलेले असेल तर वर लिहिलेले ढवळण्याचे सारे विवेचन तुमच्यासाठी दुय्यम ठरेल. तसेच चार्जिंगनंतर लाइन धुण्यासाठी किती ॲसिटोन रिॲक्टरमध्ये जाते ते पाहा. एकूण आकारमान २० टक्क्यांनी वाढले तर प्रत्येक टप्प्याला वेळही २० टक्के अधिक लागतो, आणि बॅच शीटमध्ये हे ॲसिटोन सहसा नोंदलेले नसते.

उत्प्रेरकाचा पर्याय आहेच. टीबीएबीसारखे (टेट्राब्युटिलअमोनियम ब्रोमाइडसारखे) फेज ट्रान्सफर उत्प्रेरक थोड्या प्रमाणात घातले तर फिनॉक्साइड घन पृष्ठभागावरून सुटून द्रावणात येणे सोपे होते. मी ते अनेक प्रक्रियांत वापरले आहे. मात्र ते उत्पादनातून धुऊन काढावे लागते आणि सांडपाण्यात जाते, याचा विचार आधी करावा लागतो. तळाशी बसलेल्या थराला मात्र कोणताही उत्प्रेरक वर उचलत नाही.

आता डीएमएफ आणि ९० अंश. प्रामाणिकपणे सांगायचे तर डीएमएफमध्ये अशी अभिक्रिया बहुधा वेगाने होईल. फिनॉक्साइड तेथे अधिक मोकळे असते आणि क्षारही अधिक विरघळतात, त्यामुळे तुमच्या वरिष्ठांचा अंदाज निराधार नाही. परंतु तापमानाने केवळ हवी ती अभिक्रिया वेगवान होत नाही. ज्या उप-अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा जास्त, ती तापमानाने अधिक पटींनी वाढते. मुख्य अभिक्रिया दुप्पट होईल त्या वेळी नको असलेली साडेतीन पट झालेली असेल. त्यातच आम्लारीच्या सान्निध्यात तापवलेले डीएमएफ हळूहळू विघटित होऊन डायमिथिलअमाइन देते, आणि ते तुमच्या ब्रोमाइडशी संयोग पावते. नवी अशुद्धी, नवी पद्धत, द्रावकाची नवी पुनर्प्राप्ती असे सगळेच नव्याने उभे करावे लागेल.

माझी खरी काळजी उष्णतेची आहे, आणि हा भाग कृपया घाईत वाचू नका. उकळते ॲसिटोन तुम्हाला एक संरक्षण देते, ज्याची आपण दखलही घेत नाही. अभिक्रियेने जादा उष्णता सोडली तर ॲसिटोन अधिक उकळते, वाफ कंडेन्सरमध्ये जाते, आणि कंडेन्सर चालू आहे तोवर तापमान ५६ अंशांच्या आसपासच राहते. डीएमएफचा उत्कलनबिंदू १५३ अंश आहे. ९० अंशांवर काम करताना तापमान निसटले, तर पुढे ६३ अंशांपर्यंत त्याला अडवणारे काहीच नाही. ५३ किलोज्यूलची सौम्य सक्रियण ऊर्जा धरली तरी तेवढ्या चढाईत वेग १३ पटींहून अधिक होतो, ८० किलोज्यूल धरली तर सुमारे ५० पट, आणि उष्णता निर्माण होण्याचा वेगही तितक्याच पटींनी वाढतो. उलट ती काढून घेण्याची तुमची क्षमता घटलेली असते : २ लिटरवरून ३,००० लिटरवर गेल्यावर प्रत्येक लिटरमागे जॅकेटचे (भांडे थंड करणाऱ्या बाहेरच्या आवरणाचे) क्षेत्रफळ सुमारे ११ पटींनी कमी होते.

याला तळाशी बसलेल्या कार्बोनेटची जोड द्या. सगळा माल आत आहे, ढवळणे अपुरे आहे म्हणून त्याची अभिक्रिया झालेली नाही, आणि तरीही आपण भांडे ९० अंशांवर आणले आहे. अशा वेळी कोणी अजिटेटरचे फेरे वाढवले, किंवा वीज जाऊन बंद पडलेले अजिटेटर तसेच पुन्हा सुरू केले, तर साठून राहिलेली अभिक्रिया एकदम होऊ शकते. विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटला तर दाब आणि फेसही त्यात येतो. अमेरिकेत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे १९ डिसेंबर २००७ रोजी टी-टू लॅबोरेटरीजच्या रिॲक्टरचा स्फोट होऊन ४ जणांचा मृत्यू झाला. त्यांची अभिक्रिया तुमच्यापेक्षा कितीतरी उग्र, सोडियम धातूची होती. पण त्या चौकशीतून पुढे आलेली एक गोष्ट आपल्या सर्वांच्या कामाची आहे. शीतकरण निकामी होऊन तापमान नेहमीच्या मर्यादेपलीकडे गेल्यावर, द्रावक म्हणून घेतलेल्या डायग्लाइमचीच सोडियमशी दुसरी, अधिक तीव्र अभिक्रिया सुरू झाली. खालच्या तापमानाला निमूट राहणारा पदार्थ वरच्या तापमानाला भाग घेऊ लागतो. त्यामुळे डीएमएफचा मार्ग घ्यायचा ठरलाच, तर मिश्रणाची डीएससी (तापवत नेताना ते केव्हा आणि किती उष्णता सोडते याची चाचणी) आणि शक्य असल्यास रिॲक्शन कॅलरीमीटरवरील मापन झाल्याशिवाय तो प्लांटमध्ये नेऊ नका, आणि ब्रोमाइड एकदम न घालता तापमानावर लक्ष ठेवून थेंबाथेंबाने घाला. वेळेचा ताण असला तरी ही अट सोडू नका. रिॲक्टरच्या शेजारी ऑपरेटर उभा असतो.

हे सारे ठरवायला प्रयोगशाळेत २-३ दिवस पुरतात. चुंबकीय कांडी काढून वरून फिरणारा स्टरर लावा आणि स्टोअरमधील पोत्यातले कार्बोनेट, न दळता, तसेच वापरा. फक्त फेरे बदलून मिनिटाला १५०, ३०० आणि ६०० अशा तीन बॅचेस घ्या. वेळ बदलत गेला तर अडथळा वहनाचा आहे. मग ३०० फेऱ्यांवरच पूड करून चाळलेले कार्बोनेट घेऊन पाहा. त्यानंतर सर्वांत चांगल्या स्थितीत तापमान ४५ आणि ५५ अंश असे दोनदा घ्या. या १० अंशांत वेग २० टक्केच वाढला तर तुम्ही अजून वहनच मोजत आहात. दुपटीच्या आसपास वाढला तर आता खरी रासायनिक पायरी समोर आली आहे, आणि मगच द्रावक किंवा तापमान बदलण्याची चर्चा वरिष्ठांशी आकडे पुढे ठेवून करता येईल. फेरे, पूड आणि तापमान एकाच बॅचमध्ये एकदम बदलू नका, कारण वेळ कमी झाला तरी तो कशाने झाला हे कळणार नाही.

अतिशय बारीक पुडीचा एक तोटाही लक्षात ठेवा : शेवटी क्षार गाळताना फिल्टर तुंबतो आणि अभिक्रियेत वाचवलेले तास तेथे जाऊ शकतात. आमच्याकडे शेवटी मध्यम जाळीची, कोरडी, बंद ड्रममध्ये ठेवलेली पूड आणि बदललेला इम्पेलर यांवर काम भागले. ॲसिटोन तेच राहिले, तापमानही तेच, आणि बॅच साडेसहा तासांत उतरू लागली. तुमचा आकडा वेगळा येईल. चालू बॅचचा पुढचा नमुना काढाल तेव्हा तो टीएलसीला लावण्याआधी बाटली उजेडासमोर धरून पाहा, आणि तो नितळ होता की दुधाळ हे तासागणिकच्या आकड्यांसोबत मला कळवा.